मुलांना पहिल्यांदा उन्हाळी शिबिराला पाठवताना: नाव घालण्याआधी आणि नंतर काय पाहायचं

थोरली सात वर्षांची आणि धाकटा पाचाचा असताना मी दोघांना पहिल्यांदा दिवसभराच्या उन्हाळी शिबिरात घातलं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मुक्काम नाही, म्हणून मला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. माहितीपत्रकात मातीकाम, नाटक, विज्ञानाचे प्रयोग, पोहणं असं सगळं होतं. ते वाचलं आणि पैसे भरून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याला दम्याचा त्रास सुरू झाला. त्याचा पंप शिबिराच्या कार्यालयात कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली असलेल्या बाई जेवायला बाहेर गेल्या होत्या. दहा मिनिटांत किल्ली आली, पंप दिला, तो सावरला. पण ती दहा मिनिटं माझ्या मनातून अजून गेलेली नाहीत. पंप कुठे ठेवणार, हे मी विचारलंच नव्हतं. त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर पाच उन्हाळे गेले. दोन्ही मुलं वेगवेगळ्या शिबिरांना गेली, बहुतेक ठिकाणी रमली. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. शिबिरात काय काय शिकवतात ही यादी सगळ्यात शेवटी वाचायची. मुलाजवळ दिवसभर कोण असणार आणि काही बिनसलं तर तो माणूस काय करणार, हे आधी पाहायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. शिबिर कुणाला हवंय ते आधी ठरवा

घरात दोन गरजा असतात. मोठ्यांना कामावर जायचं असतं, सुट्टीत मुलाला सुरक्षित जागा हवी असते. मुलाला खेळायचं असतं, मित्र हवे असतात, किंवा नुसतं घरी लोळायचं असतं. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. फक्त आपली गरज मुलाच्या नावावर खपवू नये. ‘तुला किती मज्जा येईल बघ’ म्हणण्यापेक्षा ‘आम्ही दोघं कामावर असतो, म्हणून तुला दिवसभर कुठेतरी राहावं लागणार आहे, ती जागा आपण मिळून निवडू’ असं सरळ सांगितलेलं मुलांना कळतं. माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती सहकार्यानेच वागली.

सुट्टीत अभ्यास मागे पडेल या धास्तीनेही पुष्कळ पालक नाव घालतात. या विषयावर १९९६ साली अमेरिकी संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास एकत्र तपासले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे जातात, वाचनापेक्षा गणितात जास्त, असं त्यांना दिसलं. नंतरच्या संशोधकांनी मात्र हे चित्र इतकं सरळ नाही, असं दाखवून दिलं आहे. तेव्हा ‘मूल मागे पडेल’ या भीतीवर विकलं जाणारं शिबिर घेऊ नका. कागद-पेन्सिल घेऊन बसवणारं शिबिर म्हणजे सुट्टीतली शाळाच, आणि मुलांना ते पहिल्याच दिवशी कळतं.

शिबिर पूर्ण दिवसाचं घ्यायचं की अर्ध्या दिवसाचं? सहा वर्षांखालच्या आणि पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला मी अर्धा दिवसच सुचवेन. एकाच विषयाचं शिबिर (फक्त चित्रकला, फक्त बुद्धिबळ) ज्याला तो विषय आधीपासून आवडतो त्यालाच. बाकीच्यांना सरमिसळ बरी. एक गोष्ट आवडली नाही तरी तासाभरात दुसरी येते.

२. फोनवर भागवू नका, जाऊन बघा

शक्य असेल तर शिबिर चालू असताना जा. आदल्या सत्राचा एखादा दिवस पाहू देतात का, विचारा. रिकामा हॉल आणि रंगवलेल्या भिंती पाहून काही कळत नाही. मी गेले की तीन गोष्टींकडे बघते. एक खेळ संपून दुसरा सुरू होतो तेव्हा मुलं कशी सांभाळली जातात, कारण गोंधळ आणि पडापडी नेमकी त्या पाच मिनिटांत होते. ताई-दादा मुलांशी बोलताना खाली वाकतात की लांबून ओरडतात. आणि कोपऱ्यात एकटं बसलेलं मूल कुणाच्या लक्षात येतं का.

संचालकांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून नेते, कारण समोर बसलं की निम्मे विसरतात.

किती मुलांमागे किती मोठी माणसं? अमेरिकन कॅम्प असोसिएशन या संस्थेचं दिवसाच्या शिबिरांसाठीचं प्रमाण मला अंदाजाला उपयोगी पडलं: पाच वर्षांपर्यंतच्या सहा मुलांमागे एक जण, सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक, नऊ ते चौदा वर्षांच्या दहा मुलांमागे एक. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, ते आधी बघा. पण उत्तर ऐकताना एक फट लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर सगळ्यांना धरून आकडा सांगतात. ‘खेळाच्या मैदानावर, दुपारी तीन वाजता, माझ्या मुलाच्या गटाजवळ नेमके किती जण?’ असं विचारा.

ताई-दादा कोण आहेत? त्यांचं वय, अनुभव, आधीच्या कामाची खातरजमा, गुन्ह्यांची नोंद तपासली का. सोळा-सतरा वर्षांची मदतनीस मुलं शिबिरात असतात आणि लहान मुलांना ती फार आवडतात. त्यांचं असणं चांगलंच आहे, पण जबाबदार मोठ्या माणसांत त्यांची गणती होता कामा नये.

प्रथमोपचार आणि हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचं, म्हणजे सीपीआरचं, प्रशिक्षण कुणाकुणाला आहे? तो माणूस दिवसभर आवारात असतो की नुसता बोलावल्यावर येतो? जवळचा दवाखाना कोणता आणि मुलाला तिथे कोण, कशातून नेणार?

एखादं मोठं माणूस एकाच मुलाबरोबर बंद खोलीत एकटं असू शकतं का? चांगल्या शिबिरात याचं उत्तर लगेच ‘नाही’ असं येतं आणि त्याचा लेखी नियम दाखवतात. शौचालयात लहान मुलांना कसं नेतात, कपडे बदलायला कोण मदत करतं, हेही इथेच विचारून घ्या. हे विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण ज्यांनी या गोष्टींचा विचार केलेला असतो ते या प्रश्नाने दुखावले जात नाहीत. उलट त्यांना बरं वाटतं.

शेवटी एक प्रश्न मी नेहमी विचारते: ‘गेल्या वर्षी काय चुकलं आणि तुम्ही त्यावर काय बदललंत?’ एका बाईंनी मला सांगितलं होतं की सहलीत एक मूल पाच मिनिटं मागे राहिलं, तेव्हापासून त्या गाडीत बसताना, उतरताना आणि निघताना अशी तीनदा नावं घेऊन मोजणी करतात. त्या शिबिरात मी मुलांना डोळे मिटून घातलं. ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून मी परत आले.

३. पैशांचे नियम लेखी घ्या

यावर फार लिहीत नाही, पण भांडणं इथेच होतात. मूल दोन दिवसांत आजारी पडलं तर किती पैसे परत? शिबिरच रद्द झालं तर? घ्यायला उशीर झाला तर वेगळा आकार आहे का? सहल, साहित्य, टी-शर्ट, जेवण हे फीत आहे की वर? लवकर नाव घातलं म्हणून सवलत मिळते तेव्हा ती रक्कम बहुधा परत न मिळणारी असते. आधी शिबिर पाहून या, मग सवलत घ्या. परवडत नसेल तर फीमाफीबद्दल मोकळेपणी विचारा. अनेक शिबिरं काही जागा त्यासाठी ठेवतात आणि गाजावाजा करत नाहीत.

४. कागदपत्रं आणि अर्ज

एका फायलीत हे सगळं ठेवा, दर वर्षी कामाला येतं:

– वयाचा दाखला आणि मुलाचे दोन-तीन अलीकडचे फोटो
– लसीकरणाच्या नोंदीची प्रत
– डॉक्टरांनी भरलेला तब्येतीचा फॉर्म, मागत असतील तर
– दमा, अॅलर्जी, फिट्स, मधुमेह असल्यास डॉक्टरांच्या सहीचा एक पानी उपचार-आराखडा
– आरोग्य विम्याचा तपशील
– आईवडिलांखेरीज आणखी दोघांचे फोन नंबर
– मुलाला घरी न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं
– पोहणं, सहल आणि फोटो यांची वेगवेगळी संमतीपत्रं

यातल्या शेवटच्या दोन ओळी लोक घाईत भरतात.

घरी नेणाऱ्यांच्या यादीत आम्ही फक्त आमची दोघांची नावं लिहिली होती. एक दिवस आम्ही दोघंही अडकलो आणि आजोबा घ्यायला गेले. शिबिराने मुलांना त्यांच्या हाती दिलं नाही. आजोबा रागावले, धाकटा रडला, शेवटी फोनवर माझ्याशी बोलून, मी लेखी निरोप पाठवल्यावर आणि आजोबांचं ओळखपत्र पाहिल्यावर सोडलं. आजोबांना वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटलं, पण शिबिराचं वागणं शंभर टक्के बरोबर होतं. मूल ‘हे माझे आजोबा’ म्हणालं म्हणून सोडणारं शिबिर मला नको. यादीत चार-पाच नावं आधीच घाला, त्या माणसांना ओळखपत्र न्यायला सांगा. आणि आईवडील वेगळे राहत असतील, मुलाच्या ताब्याबद्दल न्यायालयाचा काही आदेश असेल, तर त्याची प्रत संचालकांना स्वतः भेटून द्या.

फोटोंच्या संमतीपत्रात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं आणि त्यात जाहिरातीपासून समाजमाध्यमांपर्यंत सगळं बसवलेलं असतं. तुम्हाला फक्त पालकांच्या गटातले फोटो चालत असतील, तर बाकीचं खोडून शेजारी तसं लिहा आणि सही करा. आम्ही दर वर्षी असंच करतो. आजवर कुणी अडवलेलं नाही.

भरलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो स्वतःकडे ठेवा.

५. औषधं, अॅलर्जी आणि जुनी दुखणी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

अर्जात ‘दमा आहे’ एवढं लिहून काही होत नाही. अर्ज कार्यालयात फायलीला लागतो आणि मैदानावरच्या दादाला त्याचा पत्ता नसतो. शिबिर सुरू होण्याआधी तुमच्या मुलाचा गट सांभाळणाऱ्या ताई-दादांना प्रत्यक्ष भेटा. पाच मिनिटं पुरतात. त्रास सुरू होताना तुमचं मूल कसं दिसतं, काय बोलतं, हे सांगा. माझा धाकटा दम लागला की खेळ सोडून गप्प बसतो आणि विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो. कुठल्याही फॉर्मात हे लिहायला जागा नसते, आणि नेमकं हेच दादाला ठाऊक असायला हवं.

लागलं तर तत्काळ द्यायचं औषध, म्हणजे दम्याचा पंप किंवा अॅड्रेनलिनचं पेनसारखं इंजेक्शन, कुलपात राहता कामा नये. ते मुलाच्या गटाबरोबर फिरलं पाहिजे: मैदानावर गट गेला की मैदानावर, सहलीला गेला की गाडीत, पोहायला गेला की काठावर. एका ताईकडे ठरलेली छोटी पिशवी असते, तीत ते ठेवायचं. पंपाबरोबर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या, लहान मुलांना त्याशिवाय औषध नीट आत घेता येत नाही. मूळ खोक्यासकट द्या, त्यावर मुलाचं नाव आणि मात्रा असू द्या, मुदत संपण्याची तारीख तपासा. ही औषधं फार तापू देऊ नयेत, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ती राहणार नाहीत ना, ते विचारा.

तीव्र अॅलर्जी असेल, मग ती शेंगदाण्याची असो, दुधाची, अंड्याची की मधमाशीच्या डंखाची, तर ताई-दादांना तीन गोष्टी पाठ असल्या पाहिजेत. अंगावर गांधी उठण्याबरोबर श्वास घेताना आवाज, ओठ-जीभ सुजणं, वारंवार उलट्या किंवा चक्कर दिसली तर वाट बघायची नाही, इंजेक्शन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं. मुलाला आडवं ठेवायचं, श्वासाचा त्रास असेल तर बसतं ठेवायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. ‘आधी आईला फोन करून विचारू’ ही सगळ्यात मोठी चूक असते. म्हणून मी लेखी लिहून देते: आधी इंजेक्शन, मग रुग्णवाहिका, मग मी.

अॅलर्जी फक्त जेवणातून येत नाही, हे मला नंतर कळलं. हस्तकलेच्या साहित्यात पीठ, धान्य, अंड्याची टरफलं असतात. पक्ष्यांसाठी खाऊ करताना शेंगदाण्याचं लोणी वापरतात. मुलं डबे वाटून खातात. ‘डबा वाटायचा नाही’ असा शिबिराचाच नियम असेल तर तुमचं मूल एकटं पडत नाही.

रोजची औषधं शक्यतो घरीच, सकाळी-रात्री देता येतील का, ते डॉक्टरांना विचारा. आणि एक कळकळीची विनंती: लक्ष एकाग्र होण्यासाठीची, मनाशी संबंधित किंवा रात्री अंथरूण ओलं होण्यावरची औषधं लपवू नका. ‘सुट्टीच आहे, थोडे दिवस बंद करू’ असं स्वतःच्या मनाने ठरवू नका. नव्या जागी, नव्या माणसांत मुलाला त्या औषधाची गरज जास्तच असते.

६. बॅगेत काय द्यायचं

पाण्याची मोठी बाटली, टोपी, सैल सुती कपडे, कपड्यांचा एक जादा जोड, पुढून बंद असलेले बूट, ओले कपडे घालायला पिशवी, सनस्क्रीन, छोटा टॉवेल. सगळ्यावर नाव, अगदी बाटलीच्या झाकणावरसुद्धा. नवेकोरे बूट पहिल्या दिवशी घालू नका, फोड येतात. आधी आठवडाभर घरात वापरू द्या.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०चं, उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी, शिवाय पोहून आल्यावर पुन्हा. म्हणजे सकाळी घरून लावून पाठवलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. काही शिबिरांत मोठ्यांनी मुलांना क्रीम लावायचं नाही असा नियम असतो, म्हणून मुलाला स्वतः लावायला शिकवा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू मुलं हमखास विसरतात.

डबा असा हवा की मुलाला तो एकट्याने उघडता येईल. घरी करून बघा. माझी मुलगी पहिल्या वर्षी दोन दिवस अर्धी उपाशी राहिली, कारण झाकण घट्ट होतं आणि सांगायची लाज वाटली. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत. तेव्हा फ्रीज नसेल तर बर्फाची पिशवी द्या किंवा न नासणारं काही द्या.

महागडं खेळणं, घड्याळ, फोन पाठवू नका. हरवलं की मुलाचा अख्खा आठवडा त्यातच जातो.

७. ऊन, पाणी, वीज, गाडी

मुलं तहान लागेपर्यंत पीत नाहीत आणि खेळात तहान लागलेली कळत नाही. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी उन्हात खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलीटर पाणी प्यावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिबिरात ‘पाण्याची सुट्टी’ ठरलेल्या वेळी होते की मुलांवर सोडलेली आहे, ते विचारा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. सुट्टीत घरात पंख्याखाली बसलेल्या मुलाला एकदम दिवसभर मैदानावर पाठवण्याऐवजी आधीचे दोन आठवडे रोज थोडं थोडं बाहेर खेळू द्या.

डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, पायात गोळे: मुलाला सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, पाणी द्यायचं. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, शुद्ध हरपली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत थांबायचं नाही, भरपूर गार पाण्याने अंग थंड करत राहायचं. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

पोहणं असेल तर जास्तच चौकशी करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बुडण्यावर पहिला जागतिक अहवाल काढला. जगाच्या प्रत्येक भागात १ ते २४ वयोगटातल्या मृत्यूंच्या पहिल्या दहा कारणांत बुडणं आहे, असं त्यात म्हटलं आहे. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही. ते गप्प खाली जातं. म्हणून काठावर असा एक माणूस हवा ज्याचं काम फक्त पाण्याकडे बघणं आहे, ज्याच्या हातात फोन नाही आणि जो त्याच वेळी पोहणं शिकवत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाची पोहण्याची चाचणी होते का आणि न पोहणाऱ्यांना वेगळ्या रंगाची टोपी किंवा पट्टी देतात का, विचारा. अर्जात ‘पोहता येतं’ असं मोठेपणासाठी लिहू नका. दोन उन्हाळ्यांपूर्वी चार हात मारले होते म्हणजे पोहता येतं असं नाही. हवेने फुगवलेल्या हातपट्ट्या आणि रिंगा म्हणजे खेळणी आहेत, जीवरक्षक साधनं नाहीत.

ढग गडगडले की सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. झाड किंवा मांडव म्हणजे आसरा नव्हे.

शिबिराची गाडी असेल तर प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन कुणी बघतं का? झोपलेलं मूल गाडीत राहून जाणं अजूनही घडतं. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास चढू शकतं. मूल आलं नाही तर अर्ध्या तासात पालकांना फोन करायचा, असा नियम शिबिरात करून घ्या. आमच्या आग्रहाने एका ठिकाणी तो झाला आणि आजही चालू आहे.

८. घरी मुलाशी काय बोलायचं

भीती घालायची नाही, पण बोलायचंच. शरीराचे अवयव त्यांच्या खऱ्या नावांनी मुलाला ठाऊक असू द्या. पोहण्याच्या कपड्यांनी झाकलेल्या भागांना कुणी हात लावायचा नाही, दाखवायला सांगायचं नाही. कुणी मोठा माणूस ‘घरी सांगू नको’ म्हणाला की तेच घरी सांगायचं. वाढदिवसाची गंमत लपवणं वेगळं, ती काही दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही, हे वाक्य एकदा नाही, चार-पाच वेळा म्हणा.

त्याबरोबरच मदत कशी मागायची तेही शिकवा. ‘ताई, मला शू लागली आहे’, ‘दादा, हा मला सारखा ढकलतो’, ‘मला बरं वाटत नाहीये’ ही वाक्यं आम्ही घरी खोटं-खोटं शिबिर खेळून म्हणवून घेतली. लाजऱ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

९. पहिला दिवस

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. शौचालय, पाणी आणि ताई-दादा कुठे असतात, हे मुलाबरोबर फिरून बघा. मग निरोप छोटा घ्या: कधी आणि कोण घ्यायला येणार ते सांगा आणि निघा. वेळ घड्याळाची नको, दिवसाच्या क्रमातली सांगा. ‘शेवटचं गाणं झालं की मी दारात’ हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं.

त्याचं लक्ष नाही असं पाहून गुपचूप निसटू नका. त्या क्षणी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवशी मूल तुमचा हातच सोडत नाही. ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ हेही नको. ‘नवीन जागा आहे, पोटात गोळा येतो, थोड्या वेळाने कमी होतो’ एवढं पुरतं. दाराबाहेर अर्धा तास उभं राहू नका, मुलं खिडकीतून बघतात. हवं तर तासाभराने कार्यालयात फोन करा.

पहिले तीन-चार दिवस सकाळी रडणं सर्रास आढळतं. मूल सोडताना रडतं पण पंधरा मिनिटांत खेळायला लागतं, असं ताई सांगत असेल तर धीर धरा. दिवसभर रडत असेल, जेवत नसेल, शू धरून ठेवत असेल, एका ठरावीक माणसाचं नाव निघताच आक्रसत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर थांबू नका. चौकशी करा आणि गरज वाटली तर काढून घ्या. भरलेल्या पैशांचा विचार तेव्हा मनात आणू नका.

१०. संध्याकाळी आणि शेवटच्या दिवशी

घरी आलेलं मूल दमलेलं, चिडलेलं असतं. लगेच प्रश्न विचारू नका. खाऊ द्या, अंघोळ होऊ द्या. ‘आज कसं होतं?’ला उत्तर ‘छान’ एवढंच येतं. ‘जेवताना शेजारी कोण बसलं होतं?’, ‘आज कोण रडलं?’, ‘कुठला दादा रागावला?’ असं विचारलं की गोष्टी बाहेर येतात. मी डोळ्यांनीही बघते: बाटली भरलेलीच परत आली का, जादा कपडे वापरले गेले का, अंगावर कुठे वळ आहे का.

तक्रार असेल तर आधी गटाच्या ताईशी बोला, मुलासमोर नको. दोन दिवसांत फरक पडला नाही तर संचालकांना लेखी कळवा: तारीख, वेळ, काय घडलं. सुरक्षिततेचा किंवा कुणी मुलाला लैंगिक हेतूने हात लावल्याचा संशय असेल, तर मात्र ही पायरी-पायरीची वाट धरू नका. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, आणि शिबिराच्या अंतर्गत चौकशीची वाट न बघता पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा.

उवा, हात-पाय-तोंडाची साथ, डोळे येणं हे शिबिरात एकाकडून दुसऱ्याकडे जातं. आपल्या मुलाला झालं तर त्याच दिवशी कळवा, लाजू नका. ताप असेल तर पाठवू नका, औषध देऊन उतरवून तर मुळीच नाही.

शेवटच्या दिवशी कार्यक्रमाच्या गडबडीत दोन गोष्टी राहून जातात. हरवलेल्या वस्तूंचा ढीग एकदा मुलाबरोबर चाळा. आणि शिबिराकडे दिलेला पंप, इंजेक्शन, गोळ्या मोजून परत घ्या, पिशवीवरच्या यादीशी ताडून बघा. आमचा जादा स्पेसर एका वर्षी असाच तिथे राहिला आणि रात्री अकरा वाजता गरज पडली तेव्हा आठवला.